व्हॉट्सॲप खाते बळकावणे

व्हॉट्सॲप खाते बळकावणे हा सामाजिक अभियांत्रिकीवर आधारित फसवणुकीचा एक प्रकार आहे (राजकारणातील याच नावाच्या संज्ञेशी त्याचा संबंध नाही). यात प्रणाली भेदली जात नाही. खातेदाराकडूनच किल्ली मिळवली जाते.

भामटा स्वतःच्या फोनवर दुसऱ्याच्या क्रमांकाने नोंदणी सुरू करतो. पडताळणीचा ६ अंकी कोड मात्र लघुसंदेशाने मूळ खातेदाराकडे जातो. मग आधीच बळकावलेल्या एखाद्या परिचिताच्या खात्यावरून निरोप येतो : ‘माझा कोड चुकून तुझ्याकडे आला आहे, जरा पाठव.’ नाव, छायाचित्र आणि वरचा जुना संवाद खरा असल्याने संशय येत नाही. कोड दिल्यास खाते जाते, आणि त्यावरून पुढील परिचितांकडे पैसे किंवा त्यांचे कोड मागितले जातात.

न मागता आलेला कोड ही मुख्य खूण होय. आपल्या क्रमांकावर आलेला कोड आपल्याच खात्याचा असतो. निरोप खरा आहे का, हे साध्या फोनवर बोलून कळते. द्विस्तरीय पडताळणी सुरू असल्यास कोडखेरीज वेगळा पिनही लागतो.

खाते गेल्यास त्याच क्रमांकाने पुन्हा नोंदणी करताच भामटा बाहेर पडतो. त्याने पिन लावला असल्यास मात्र खातेदाराला ७ दिवस थांबावे लागते. भारतात पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.