सहा अंकांची वाट : पिनकोड आणि वाशिमचे टपाल

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव (जहांगीर) आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, तसेच याच जिल्ह्यातील कारंजा (लाड) आणि वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे), या जोड्या टपाल छाटणाऱ्या कर्मचाऱ्याला जुन्या काळापासून परिचित आहेत. कारण पार्सलावर जिल्ह्याचे नाव अस्पष्ट असले किंवा लिहायचे राहूनच गेले, की ते कोणत्या थैलीत टाकायचे याचा निर्णय त्याच्या स्मरणशक्तीवर सोपवावा लागे. भलत्याच कार्यालयात पोचलेल्या अशा वस्तूला टपाल खात्यात ‘मिससेंट’ म्हणतात आणि तिला परतीची वाट नव्याने धरावी लागते.

हा भार स्मृतीवरून अंकांवर नेणारी पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी देशभर लागू झाली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातले. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव असलेल्या या अधिकाऱ्याची संस्कृत कवी म्हणूनही ख्याती होती, हा योग टपाल खात्याच्या इतिहासात तरी विरळाच. त्यांच्या रचनेत पहिला अंक विभाग दर्शवतो (महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा यांचा विभाग 4, सैन्याच्या टपालासाठी 9), पहिले तीन अंक मिळून छाटणीचा जिल्हा ठरतो, चौथा अंक त्या जिल्ह्यातील मार्ग सांगतो आणि शेवटचे दोन प्रत्यक्ष बटवडा करणारे कार्यालय.

छाटणीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असतो, हा समज वाशिमपुरता टिकत नाही. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी, म्हणजे पिनकोडानंतर पाव शतकाने. त्यामुळे त्याची सारी तालुक्याची गावे आजही अकोला आणि अमरावती यांच्यासह 444 याच गटात आहेत. चौथा अंक पाहिला तर मात्र जिल्हा तीन वाटांवर विखुरतो. पातूर 444501, मालेगाव 444503, वाशिम 444505 आणि रिसोड 444506 हे क्रमांक अकोल्याहून दक्षिणेला उतरणाऱ्या एकाच वाटेवरचे आहेत. मंगरूळपीर 444403 आणि मानोरा 444404 ही गावे बार्शीटाकळीच्या, म्हणजे 444401 च्या, रांगेत येतात. कारंजा 444105 हे मूर्तिजापूरच्या 444107 शी जोडलेले आहे. नकाशा पाहणाऱ्याला ही विभागणी विस्कळीत वाटेल, पण गाडी भरणाऱ्याला ती सोयीची आहे, कारण त्याला जिल्ह्याच्या सीमेपेक्षा गाडीची वाट कळणे अधिक आवश्यक असते.

तरीही अचूक छाटलेली थैली चुकीच्या गाडीत चढू शकते, आणि हा दोष पिनकोडाने सुटत नाही. त्यासाठी थैलीच्या तोंडाशी बांधलेली चिठ्ठी, तिच्यावरचा बारकोड आणि सोबतची यादी ही तीन साधने एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. एकाच गाडीला मालेगाव, वाशिम आणि रिसोड अशा क्रमाने थांबायचे असल्यास रिसोडची थैली आधी आत ठेवावी लागते, म्हणजे मालेगावची दाराशी येते. हा उलटा क्रम मोडला, की मधल्या थांब्यावर सामान उपसण्याच्या घाईत चूक हमखास होते.

पिनकोडाचे एक उणेपण मात्र फारसे बोलले जात नाही. स्पीड पोस्टच्या तेरा अक्षरी क्रमांकात एक तपासणी अंक असतो, म्हणजे आधीच्या आठ अंकांवरून गणिताने काढलेला असा अंक, ज्यामुळे लिहिण्यातल्या बहुतेक चुका यंत्राला लगेच कळतात. पिनकोडात अशी सोय नाही: 444105 लिहिताना 1 आणि 5 यांची अदलाबदल झाली, तर होणारा 444501 हाही वैध क्रमांक असून कारंजाचे पार्सल पातूरच्या थैलीत पडते. मे 2025 मध्ये टपाल खात्याने आणलेला डिजिपिन सुमारे चार मीटर बाजूच्या चौकोनाला दहा अक्षरी ओळख देतो. मात्र तो टपालाच्या पत्त्याची जागा घेत नाही, त्याला पूरक ठरतो. त्यामुळे गावाचे नाव आणि क्रमांक यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा पार्सल बाजूला काढणारा माणूस छाटणीच्या टेबलाशी अजूनही लागतोच.