हाताला वाट सांगणारी शाळा

शाळेत आल्यावर आपला वर्ग कोठे आहे, हे मूल कसे ओळखते? दारावरची पाटी वाचून, भिंतीचा रंग पाहून किंवा सवंगड्यांचा गलका ऐकून. परंतु ज्या मुलाला नीट दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याने काय करावे? बहुधा एखादी मोठी व्यक्ती त्याचा हात धरून त्याला वर्गात पोहोचवते. मूल पोहोचते खरे. पण वाट शोधण्याचे काम त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी केलेले असते.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या हेझलवूड शाळेने या प्रश्नाचे उत्तर इमारतीच्या रचनेतच शोधले. वास्तुविशारद ॲलन डनलॉप यांच्या आराखड्यानुसार ही शाळा २००७ साली उभी राहिली. दृष्टी आणि श्रवण या दोन्ही क्षमता बाधित असलेल्या सुमारे ६० मुलांसाठी तिची योजना करण्यात आली.

शाळेच्या जागेवर जुने वृक्ष होते. ते राखून इमारत त्यांच्यामधून वळणे घेत नेण्यात आली. सरळ व एकसारख्या लांब मार्गिकेत आपण कोठवर आलो, हे हाताला वा पावलांना कळत नाही. वळण मात्र शरीराला जाणवते.

या वाटेलगत बुचाचे आवरण असलेली भिंत आहे. बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. वृक्ष न तोडता ती काढता येते आणि तिच्यात हवा कोंडलेली असल्यामुळे ती हाताला उबदार लागते. मूल या भिंतीवरून हात फिरवीत चालते व स्पर्शाच्या खुणांवरून आपले ठिकाण ओळखते. सामान ठेवण्याची सोय भिंतीतच असल्याने वाट मोकळी राहते.

सीगल व व्हाइट या अभ्यासकांनी १९७५ साली मांडले, की मनुष्य प्रथम ठळक खुणा ओळखतो, मग त्या जोडून वाट लक्षात ठेवतो आणि शेवटी संपूर्ण जागेचे चित्र मनात उभे करतो. रानातल्या वाटेवर झाड, चढण, ऊन-सावली याच आपल्या खुणा असतात. म्हणून निसर्गप्रेरित रचना म्हणजे भिंतीवर पानेफुले रंगविणे नव्हे, तर अशा खुणा मुलाच्या हातापायांना उपलब्ध करून देणे होय.

शाळा बांधताना वा दुरुस्त करताना आपणही आराखड्यापुढे एक प्रश्न ठेवावा : सर्वांत कमी दिसणारे मूल येथून एकटे आपल्या वर्गापर्यंत जाऊ शकेल काय?