फरशीखालचें काम

जावळी खोऱ्यांतील पुष्कळ कुटुंबें पोटापाण्यासाठीं मुंबई-पुण्यास राहतात. मूळ घर मात्र मेढ्यास किंवा आसपासच्या गांवीं असतें. त्या घरांत आईवडील असतात, आणि चार पैसे गांठीस जमले म्हणजे मुलांच्या मनांत पहिला विचार येतो तो घराला फरशी घालण्याचा. सारवणाचे कष्ट चुकावे, पावसाळ्यांत पायाखालीं कोरडें असावें, हा हेतु चांगलाच आहे. मग दुकानांत एक चकचकीत नमुना पसंत करावयाचा, ठेकेदारास दूरध्वनीवरून चौरस फुटाचा दर विचारावयाचा, आणि गणपतीस घरीं जाऊं तेव्हां काम पुरें झालेलें पाहावयाचें, असा क्रम पडून गेला आहे. श्रोतेहो, या क्रमांत एक गोष्ट कोणीच पाहत नाहीं. ती म्हणजे फरशीच्या खालीं काय घातलें. आज बोलावयाचें आहे तें त्याविषयीं.

मेढा हें जावळी तालुक्याचें ठाणें वेण्णा नदीच्या कांठीं आहे. नदी येते महाबळेश्वराकडून, आणि तेथें वर्षाला सरासरीनें ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मेढ्यास तितका नसला, तरी पावसाळाभर जमीन भिजलेलीच राहते. जुनीं घरें दगडमातीचीं. त्यांच्या भिंतींना ओल चढावयाचीच. सारवलेली जमीन ही ओल हळूहळू हवेंत सोडून देते. तिच्यावर पाणी न शोषणारी घट्ट फरशी बसविली कीं ओलीला वाट उरते ती भिंतीची. नव्या फरशीनंतर भिंतीचा गिलावा फुगूं लागला, अशी तक्रार ऐकूं येते. दोष फरशीला दिला जातो, पण तो बहुधा खालच्या भरावाचा असतो.

भराव मुरुमाचा असावा. काळी माती कधींही घालूं देऊं नये. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते, आणि तिच्याबरोबर वरची फरशी हलते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं घालून, पाणी मारून, प्रत्येक थर धुमसानें ठोकावा लागतो. जोतें भरून एक पावसाळा तसेंच जाऊं द्यावें, ही जुन्या गवंड्यांची रीत होती. आज इतका धीर कोणास नाहीं. पण घाई करावयाची तर निदान धुमसाला तरी सुटी देऊं नये. मुरुमावर दगडांचें सोलिंग, सोलिंगावर जाड प्लॅस्टिकचा कागद, व त्यावर चार इंच कांक्रीट, असा क्रम ठेवला म्हणजे खालची ओल वर येण्यास फारशी वाट राहत नाहीं. या कांक्रीटास एक भाग सिमेंट, चार भाग वाळू व आठ भाग खडी पुरे होते.

आतां फरशीकडे वळूं. आपल्याकडे पूर्वीं शहाबादी फरशी असे. ती कर्नाटकांतील शहाबादच्या बाजूची चुनखडी. पुढें सिमेंटच्या रंगीत लाद्या आल्या. १९२२ सालीं स्वदेशीच्या भरांत ‘भारत’ लाद्यांचा कारखाना निघाला, आणि तशा नक्षीच्या लाद्या अद्याप जुन्या चाळींतून शाबूत दिसतात. आजचा माल पुष्कळसा गुजरातेंतील मोरबीहून येतो. त्यांत सिरॅमिक व व्हिट्रिफाइड हे दोन भेद आहेत, आणि ग्राहकाला रंगापेक्षां हा भेद कळणें अधिक अगत्याचें. भिंतीवरची सिरॅमिक फरशी आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धां पीत नाहीं. पहिलीच्या छिद्रांत सिमेंटचें पाणी शिरून ती धरून ठेवतें. दुसरीला छिद्रेंच नाहींत, म्हणून नुसत्या सिमेंटची पकड तिच्यावर कच्ची राहते. तिच्यासाठीं निराळा चिकट मसाला मिळतो (भारतीय मानक १५४७७ असा आंकडा पिशवीवर पाहावा), आणि तो दातेरी थापीनें सर्वत्र सारखा पसरावा लागतो. मध्यें एक गोळा ठेवून वरून फरशी दाबली कीं चारी कोपरे पोकळ राहतात, आणि जड कपाटाचा पाय नेमका तेथेंच पडतो.

चकाकीविषयीं एकच सांगतों. ज्या घरांत सत्तरीचीं माणसें आहेत, तेथें आरशासारखी फरशी घालणें हें माझ्या मतें धाडसच आहे. दुकानदाराकडून नमुन्यावर पाणी ओतवून घ्यावें व त्यावर अनवाणी पाय घासून पाहावा. ओसरी, स्वयंपाकघर व न्हाणीघर येथें खरबरीत फरशीच घ्यावी, मग ती पुसावयास थोडी जड गेली तरी चालेल.

किती घ्यावी? बाजारांत ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती फरशी खरोखर ६०० मिलिमीटरांची, म्हणजे दोन फुटांस थोडी कमी. बारा फूट बाय दहा फुटांच्या खोलींत सहा-सहाच्या पांच ओळी, म्हणजे ३० नग मांडले, तरी दोन बाजूंस दीड-दोन इंचांची पट्टी उरते. पट्ट्यांना दोन नग, तुटीला तीन, भिंतीकडेच्या स्कर्टिंगला पांच. मिळून ४०, म्हणजे चार नगांच्या १० पेट्या. सर्व पेट्यांवरचा छटेचा क्रमांक एकच असावा. ती अरुंद पट्टी दारांत येणार कीं कपाटामागें, हें गवंड्यास आधींच विचारावें. चांगला कारागीर प्रथम फरशी कोरडी मांडून दाखवितो, आणि या एका प्रश्नावरून माणूस ओळखतां येतो.

ठेकेदार निवडतांना त्याचें नवें काम पाहूं नये. नवें काम सर्वांचेंच सुंदर असतें. दोन पावसाळे गेलेलें घर दाखवावयास सांगावें, व तेथें काठीनें फरशी वाजवून पाहावी. ठेका घेणारा एक आणि काम करणारे दुसरे, असें पुष्कळदां असतें. तेव्हां प्रत्यक्ष कोण बसणार तें विचारावें. दर मजुरीचा कीं मालासहित, स्कर्टिंगची मोजणी वेगळी कीं त्यांतच, जुनी जमीन उकरणें व राडारोडा नेणें कोणाकडे, हें कागदावर लिहून घ्यावें. त्याच कागदावर सोलिंगाची व कांक्रीटची जाडीहि लिहावी; चौरस फुटाच्या दरांत ती दिसत नाहीं, म्हणून स्वस्त दर बहुधा तेथूनच निघतो. विसार थोडा द्यावा. दुसरा हप्ता कांक्रीट झाल्यावर, घरच्या कोणीतरी तें मोजून पाहिल्यानंतरच. मुलांना येतां येत नसेल तर गांवांतल्या एखाद्या मामा-काकांना एक दिवस बसवावें. जाडी मोजावयास शिक्षण लागत नाहीं, फूटपट्टी लागते.

न्हाणीघरांत फरशीआधीं जलरोधक थर द्यावा, आणि पाणी तुंबवून एक दिवस व एक रात्र ठेवावें. ढाळ चार फुटांस एक इंच ठेवावा. सांधे निदान दोन मिलिमीटरांचे सोडावे व दुसऱ्या दिवसानंतर भरावे. फरशीला फरशी भिडवून बसविली तर उन्हानें फुगतांच ती मधून उचलते. शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं मोरींत बादलीभर पाणी ओतावें, आणि तें कोणत्या कोपऱ्यांत थांबतें तें ठेकेदाराच्या देखत पाहावें. उरलेल्या फरश्या पेटीसकट माळ्यावर ठेवाव्या. पुढें एखादी फुटली तर त्याच छटेची बाजारांत मिळत नाहीं.