पेटी आपली, किल्ली कुणाची?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. हा इतिहास चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पण तसाच नकार आज आपल्याच घरात, टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्समध्ये बसला आहे, याचा विचार किती जण करतात?

पूर्वी वस्तीत केबलवाल्याची तार यायची. त्याच तारेवरून गल्लीतला केबलवाला आपल्या भीमजयंतीची मिरवणूकही दाखवायचा. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि पेटी सक्तीची झाली. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची, तर पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत मिळाली. चित्र स्वच्छ झाले, चॅनेल वाढले, हे मान्य. पण मोलमजुरी करणाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली ही पेटी खरोखर त्याची आहे काय? कंपनी बदलली की पेटी भंगारात! कोणत्याही कंपनीची सेवा कोणत्याही पेटीवर चालावी, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. तरीही आजवर घराघरांत तसे घडलेले नाही. रेकॉर्डरचीही तीच गत. जादा पैसे मोजून एखादा कार्यक्रम साठवला, तरी तो कंपनीच्या कुलुपातच राहतो, दुसऱ्या पेटीवर लागत नाही.

खरा प्रश्न याहून मोठा आहे. पाहणारा पैसे भरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण लहान चॅनेललाही त्या पेटीत शिरण्यासाठी पैसे मोजावे लागतात, हे फार थोड्यांना माहीत असते. याला कॅरेज फी म्हणतात. ट्रायच्या २०१७ च्या नियमांनी साध्या चॅनेलसाठी दरमहा दर ग्राहकामागे २० पैशांची कमाल मर्यादा घातली. २० पैसे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण दहा लाख ग्राहकांच्या जाळ्यावर दिसायचे तर महिन्याला दोन लाख रुपये होतात, तेही एकाच कंपनीला! भांडवलदारांच्या चॅनेलला ही रक्कम जड नाही. पण नागपुरातून उभ्या राहिलेल्या लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया यांसारख्या चॅनेलनी ती कुठून आणायची?

आपल्याकडे प्रेक्षक नाही म्हणावे, तर तेही खोटे आहे. २०१९ मध्ये स्टार प्रवाहने बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका आणली, ती काही समाजसेवा म्हणून नव्हे. आमचा प्रेक्षक त्यांना बाजारात दिसला म्हणून आणली. म्हणजे आमचे डोळे त्यांना हवेत, पण आमचा आवाज मात्र दाराबाहेर!

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल दिला की प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मग जनतेच्या मालमत्तेवर जनतेच्याच आवाजाने भाडे का भरावे? दरमहा पैसे न घेणाऱ्या दूरदर्शनच्या फ्री डिशवर गरिबाला टीव्ही पाहता येतो खरा, पण तिथेही खासगी चॅनेलच्या जागांचा लिलाव होतो आणि बोली कोटींत जाते. या लिलावात बहुजनांच्या चॅनेलसाठी सवलतीच्या जागा राखून ठेवाव्यात, ही मागणी संसदेत आणि रस्त्यावर लावून धरली पाहिजे.

तोवर आपण हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही. त्याच २०१७ च्या नियमांत एक मेख आहे. चॅनेल घेणारे ग्राहक पाच टक्क्यांवर गेले की ही फी टप्प्याटप्प्याने उतरते आणि वीस टक्क्यांवर गेले की शून्य होते. म्हणजे किल्लीचा थोडा भाग आपल्याही हातात आहे. विहारात, महिला मंडळात, जयंती समितीत हा विषय घ्या. आपल्या पेटीत चळवळीचे चॅनेल आहे का, ते पाहा. नसेल तर केबलवाल्याकडे एकट्याने नव्हे, सगळ्या वस्तीने मिळून लेखी मागणी करा. असेल तर ते आठवणीने निवडा.

कुणी म्हणेल, आता मोबाइल आला, पेटीचे दिवस संपले. पण मोबाइलवर काय दिसावे आणि काय दबावे, हेही कंपन्याच ठरवतात. दार बदलले, दारवान तोच!

‘केसरी’च्या नकाराने ‘मूकनायक’ थांबला नव्हता. आपणही थांबायचे नाही. जयभीम!