होडीवरचा वाटा : जुन्याला जास्त की सगळ्यांना सारखा?

३१ जुलैला बंदी संपते. होड्या पाण्यात ढकलायच्या आधी वाट्याचं बोलून घेऊया, कारण गेल्या हंगामात यावरूनच दोन भांडणं सोसायटीत आली होती. दोन्हीकडे नव्या पोराचं म्हणणं एकच, "काम सारखं, मग तांडेलाला दोन वाटे का?"

हिशेब बघा. समजा २०,००० ची मासळी विकली. इंधन, बर्फ, जेवण, लिलावाचं कमिशन मिळून ५,००० गेले. उरलेल्या १५,००० मधले अर्धे होडी-जाळ्याचे धरले (हे प्रमाण गावागावात वेगळं असतं), तर माणसांचे ७,५००. पाच जणांना सारखे वाटले तर प्रत्येकी १,५००. तांडेलाला दोन वाटे दिले की वाटे होतात सहा. तांडेलाला २,५००, बाकीच्यांना १,२५०. म्हणजे एका फेरीत प्रत्येक खलाशाचे २५० कमी.

ट्रॉलरवर तांडेलाला जास्त मिळतं ते आम्हालाही मान्य आहे. कितीतरी दिवस बोट, डिझेल, माणसं सगळं त्याच्या जिवावर असतं. पण चार-पाच जणांच्या होडीवर जाळं सगळेच ओढतात आणि वारा सुटला तर जीव सगळ्यांचाच टांगणीला. जीपीएस आणि फिश फाइंडर पोरगा बघतो, खडप कुठे आणि पाणी कुठे ओढतंय ते जुना माणूस सांगतो. यात मोठं कोण? वाटा सारखा असला की जुना माणूस हातचं न राखता शिकवतो, कारण पोरगा तयार झाला तर मासळी वाढते आणि वाटा त्याचाही वाढतो. आपल्या रापणीत तरी दोरी ओढणाऱ्याचं वय कोण विचारतं?

जुन्या तांडेलांचा राग मात्र खोटा नाही. तीस वर्षं दर्यात काढून कालच्या पोराएवढेच पैसे घ्यायचे म्हटलं की मन खट्टू होणारच. उद्या तो होडी सोडून ट्रॉलरवर गेला तर नुकसान होडीचंच.

आमचं मत असं, की वाटा सारखा ठेवा, आणि जास्तीचं द्यायचंच तर वयाला नको, कामाला द्या. इंजिन कोण उघडतो, फाटलेलं जाळं कोण शिवतो, रात्री होडी कोण राखतो, त्याची वेगळी रक्कम होडीच्या वाट्यातून ठरवा. ती जुन्यालाही मिळेल, शिकला तर नव्यालाही. मालकांना हे थोडं जड जाईल, माहीत आहे. पण हंगामाच्या मध्यावर खलाशी शोधत फिरणं त्याहून महाग पडतं.

आणि ठरेल ते वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ती दोन्ही भांडणं तोंडी ठरलेल्या वाट्यावरची होती. कोरा नमुना ऑफिसात ठेवलाय, संध्याकाळी येऊन घेऊन जा.