पिवळ्या स्कूटरवरचा अल्बम

जपानी सिटी पॉप तुम्ही शोधून काढलंत. आता पत्रादेवीच्या पलीकडे, एका गावातल्या घरात तयार झालेला अल्बमही ऐका.

यूट्यूबवर ऑटोप्ले चालू असतं, आणि भलत्याच गाण्यामागून एकदम एक जपानी गाणं सुरू होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना 'प्लास्टिक लव्ह' असंच सापडलं असेल. मारिया ताकेउची या गायिकेच्या १९८४ च्या 'व्हरायटी' अल्बममधलं हे गाणं. २०१७ मध्ये कुणीतरी ते यूट्यूबवर टाकलं, आणि ते निघालं तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं जगभर ते ऐकायला लागली. शब्द कळत नाहीत, पण त्या काळच्या जपानी पॉपमधलं ऊन, समुद्र आणि काच खाली केलेली गाडी मात्र बरोबर कळते.

आता ऊन आणि समुद्र म्हटल्यावर मालवणातल्या माणसाने थेट टोकियोच गाठायला पाहिजे असं काही नाही. त्याच १९८४ साली आपल्या शेजारी, बार्देशातल्या शिवोली गावात रेमो फर्नांडिसने 'गोअन क्रेझी' नावाचा अल्बम काढला.

रेमो कोण, असं विचारू नका. २०१७ च्या 'ओके जानू'मधलं 'हम्मा साँग' ऐकलंय ना? मूळ गाणं १९९५ च्या 'बॉम्बे'तलं, ए. आर. रहमानचं. त्याच्या हिंदी आवृत्तीतला तो खट्याळ आवाज रेमोचा. 'प्यार तो होना ही था' या टायटल साँगमध्येही तोच आहे. २००७ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. पण हे सगळं नंतरचं.

त्याआधी रेमो मुंबईत जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकला. मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत भटकला. आणि परत कुठे आला? शिवोलीला, गावातल्या घरी. तिथे त्यानं चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर 'गोअन क्रेझी' रेकॉर्ड केला. गाणी त्याची, चाली त्याच्या, सगळी वाद्यं त्यानं वाजवली, सगळे आवाज त्याचेच. मिक्सिंग त्याचं, कव्हरचं डिझाइनही त्याचं. कॅसेट तयार झाल्यावर आपल्या पिवळ्या स्कूटरवर घालून तो दुकानोदुकानी फिरला. आज ज्याला आपण ऐटीत 'इंडी' म्हणतो ते हेच, फक्त पेट्रोल स्वतःचं.

चार ट्रॅक म्हणजे किती कमी, याचा अंदाज घ्या. साध्या कॅसेटच्या एका बाजूला दोन ट्रॅक असतात, डावा आणि उजवा. उलटी केली की आणखी दोन. हे चारही एकाच दिशेने वापरणारं 'पोर्टास्टुडिओ' नावाचं छोटं यंत्र १९७९ मध्ये टास्कॅम या जपानी कंपनीनं आणलं, आणि घरात बसून मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करणं शक्य झालं. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' अशाच यंत्रावर झाला. एका ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर ताल. मग चौथा ट्रॅक गाण्याला ठेवायचा, की पहिले तीन एकत्र करून त्यावर टाकायचे आणि जागा मोकळी करायची? एकत्र केलं की संपलं. नंतर बेस जास्त वाटला तरी 'अनडू' नाही. शिवाय प्रत्येक वेळी टेपची खरखर थोडी वाढते. म्हणजे वाजवायच्या आधीच गाणं डोक्यात पक्कं लागतं.

तुमच्या खिशातल्या साध्या फोनवरचं फुकट अ‍ॅप यापेक्षा जास्त ट्रॅक देतं. मग अडतं कुठे? 'मुंबईला गेल्यावर बघू' इथे. शिकायला, नोकरीला मुंबई गाठावी लागते हे खरंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण गाणं करायला आधी मुंबई लागतेच, हे मात्र खरं नाही. रेमो मुंबई पाहून आला होता, जग पाहून आला होता, आणि तरी पहिला अल्बम त्यानं गोव्यावर केला, गोव्यातच केला. पुढच्याच वर्षी श्याम बेनेगलांचा गोव्यावरचा 'त्रिकाल' आला, त्यात रेमो होता.

तेव्हा पहिलं काम, 'गोअन क्रेझी' शोधून ऐका. हेडफोन लावून, आणि शक्यतो बाइक चालवताना नको.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. जपानी गाणं कुणीतरी अपलोड केलं म्हणून तुमच्यापर्यंत आलं. आपल्याकडचं कोण करणार? एकेकाळी गणपतीला येणारा चाकरमानी टेपरेकॉर्डर घेऊन यायचा. जत्रेतला दशावतार, डबलबारीचा सामना, आजीच्या फुगडीची गाणी, कुणाकुणाच्या घरी यातलं काहीतरी माळ्यावरच्या कॅसेटमध्ये अजून असेल. आपल्या खाऱ्या, दमट हवेत टेप फार काळ टिकत नाही. बुरशी धरते, चिकटते.

म्हणून येत्या पावसाच्या आधी माळा उघडा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका, प्लेअरही खराब होतो आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. ती जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. प्लेअरचा हेडफोनचा सॉकेट वायरने लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला जोडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. मध्येच कुणी खोकलं, कोंबडा आरवला, तरी कापू नका. घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा आणि विचारा, पेटीवर कोण, मृदंगावर कोण, गाव कुठलं, साल कुठलं. फाइलच्या नावातच ते लिहा.

साल आणि नावं सांगणारी माणसं आज घरात आहेत. कॅसेट एकवेळ दुसऱ्या घरी सापडेल, ती माणसं सापडणार नाहीत.