जादूगाराच्या हाती तलवार का नाही?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा अद्भुतकथेचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी जोडीने १९७४ साली सिद्ध केला. यात पट आणि सोंगट्यांपेक्षा संभाषणाला महत्त्व. एक जण सूत्रधार होतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र उभे करतात आणि ते काय करते, हे तोंडी सांगतात. यशापयशाचा कौल फासे देतात. प्रत्येक पात्राला एक ‘क्लास’ असतो, म्हणजे ढोबळ मानाने पेशा. पेशासोबत बंधनेही येतात, आणि त्यांचा अर्थ कसा लावावा, हा या खेळातील जुना वाद आहे.

मूळ नियमांत पेशे तीनच होते. योद्ध्याला सर्व शस्त्रे खुली, जादूगाराला केवळ खंजीर आणि ‘क्लेरिक’ या धर्मोपदेशकाला धारेची शस्त्रे वर्ज्य. म्हणून त्याच्या हाती गदा. या शेवटच्या नियमाचा धागा बायू येथील बिशप ओडोपर्यंत नेला जातो. हेस्टिंग्जच्या १०६६ मधील लढाईचे चित्रण करणाऱ्या बायू येथील प्रसिद्ध भरतकामात तो सोटा घेतलेला दिसतो. धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून त्याने तलवार टाळली, असे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. (सोट्याने डोके फुटल्यावर रक्त येत नाही, असे थोडेच आहे!) खेळापुरते पाहिले तर या बंधनांची उपयुक्तता उघड आहे. मंत्र आणि शस्त्र दोन्ही एकाच्याच पदरी पडली, तर योद्धा व्हायला कोण तयार होईल?

परंतु जादूगाराने तलवार उचललीच, तर नेमके काय होते? हात भाजतो, मंत्र आठवत नाहीत, की सूत्रधार नुसताच ‘नाही’ म्हणतो? २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने या प्रश्नाला व्यवहारी उत्तर दिले. मनाईच्या जागी किंमत आली. सराव नसलेले शस्त्र चालवल्यास फाशावरील आकड्यातून चार वजा. साखळ्यांचे चिलखत घालून मंत्र म्हटल्यास तो फसण्याची शक्यता ३० टक्के. भुर्दंड सोसण्याची तयारी असेल, तर जादूगाराने खुशाल तलवार घ्यावी.

खरी गुंतागुंत आहे ती व्रताची. ‘ड्रुइड’ हा निसर्गोपासक पुरोहित धातूचे चिलखत वापरत नाही. तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातले, तर अंगावर असेपर्यंत आणि पुढे २४ तास त्याचे मंत्र चालत नसत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा दंड काढून टाकला आणि ड्रुइड असे चिलखत ‘घालणार नाही’ एवढेच लिहून ठेवले. येथे ‘घालू शकत नाही’ असे म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यावे. घातलेच तर काय, या प्रश्नावर प्रकाशक ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’च्या नियमविषयक सदरात आधी थट्टेने उत्तर आले की ड्रुइडचा स्फोट होतो. मग गंभीर खुलासा झाला: शाकाहारी माणसाला मांस खाता येते, पण तो खात नाही, तसेच हे आहे.

दृष्टान्त चपखल आहे, पण अडचण त्यातच आहे. या खेळात डोंगर, राजे, राक्षस, हवामान सारे सूत्रधाराच्या हाती. खेळाडूच्या मालकीची वस्तू एकच, ती म्हणजे आपल्या पात्राची इच्छा. ‘तुमचा ड्रुइड हे करणार नाही’ असे पुस्तकानेच ठरवले, तर तेवढी मालकीही गेली. शाकाहारी माणूस भुकेने व्याकूळ झाला तर काय करील, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे लागते. भारतीय युद्धात शस्त्र न धरण्याचे वचन दिलेला कृष्ण भीष्मावर चक्र घेऊन धावतो. शस्त्र धरणे त्याला अशक्यच असते, तर त्या प्रसंगात काय उरले असते?

‘पॅलॅडिन’ या धर्मवीराचा १९७८ मधील नियम या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटतो. त्याने जाणूनबुजून दुष्कर्म केले, तर त्याचे पद कायमचे जाई. नियम कठोर खरा, पण निवड खेळाडूची. दुरुपयोग झालाच, तर तो सूत्रधाराकडून. दोन्ही वाटा पापाकडेच नेतील असा पेच रचून पॅलॅडिनला पदच्युत करण्यात काही जणांना विलक्षण रस असतो. असा पेच हा नियमाचा अर्थ नव्हे, निव्वळ सापळा आहे. म्हणून बंधन वाचताना ते शरीराचे आहे, शिक्षणाचे आहे की दिल्या शब्दाचे, हे आधी पाहावे. शब्दाचे असेल तर तो मोडण्याची मुभा हवी, आणि मोडल्यास काय होईल याची कल्पना पात्र निवडतानाच द्यायला हवी.

२०२४ मध्ये खेळाडूंसाठीचे मुख्य पुस्तक नव्याने निघाले, त्यात ड्रुइडच्या धातूविषयीचे ते वाक्य नाही. ज्या सूत्रधाराला जुनी मनाई प्रिय असेल, त्याने ती पहिल्याच बैठकीत सांगावी. ड्रुइडने चिलखताचे बंद आवळल्यावर नव्हे.